तंबोऱ्याला पडदे नसतात, आणि हरिजींची बासरी डावीकडेच असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पिढीतल्या एका थोर गायिकेवर लेख आला होता. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्यानं मेहनत घेतली आहे. पण सोबतचा फोटो बघून आमच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यातलं काम थांबलं. बाईंचं नाव मी इथे घेत नाही, त्यांचा यात काय दोष? मूळ फोटो कृष्णधवल आहे. मांडीवर तंबोरा, हात तारांवर, नजर कॅमेऱ्याकडे नाही. आम्ही तो लहानपणापासून पाहत आलोय. तुमच्याकडच्या कुणीतरी तो हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रात घालून रंगवून घेतला आणि तसाच छापला. साडीला जरीकाठ आला, गाल गुळगुळीत झाले, वय वीस वर्षांनी उतरलं. तेही एक वेळ सोडून देऊ. पण त्या यंत्रानं तंबोऱ्याच्या दांडीवर पडदे बसवले!

तंबोऱ्याला पडदे नसतात, साहेब. पडदे सतारीला असतात. ज्या वाद्यावर बोटानं स्वर दाबायचाच नाही, त्याला पडदे कशाला? चार तारांच्या तंबोऱ्याला खुंट्या चार. दोन समोरच्या बाजूला, बाकीच्या दोन एकेक बगलेला. तुमच्या फोटोत एकाच बगलेला तीन दिसतात. खाली घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारा चार आहेत, वर खुंट्यांजवळच्या मेरूपाशी पोचेपर्यंत त्यांच्या पाच होतात, आणि त्यातली एक मध्येच कुठेतरी विरून जाते. सूर बारीक मिळवायचे मणी गायब. घोडीवर तारेखाली घालतात तो, सुराला झणकार देणारा जवारीचा दोरा गायब. आमच्याकडे जो नवा पोरगा शिकायला येतो त्यानं असा तंबोरा केला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी भोपळे घासायला बसवला असता.

मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवतो. १८५० च्या आसपास पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, हत्यारं घडवणारे शिकलगार या कामाकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे नाव त्यात पहिलं घेतलं जातं. तेव्हापासून गल्लीत हेच चाललंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तून लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी), आणि त्यावर महिना-महिना चालणारं हाताचं काम. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याच वर्तमानपत्रानं मोठी बातमी दिली होती. फोटोत आमदार होते, शाल होती, तंबोरा नव्हता. असो.

तुम्ही म्हणाल, वाद्य बनवणाऱ्याला फोटोतलं काय कळतं? फोटो चांगला की वाईट हे मला सांगता येत नाही. पण गवयाच्या फोटोकडे मी जसा बघतो तसा तुमच्या पानं लावणाऱ्या मंडळींपैकी कुणी बघत नसावं, म्हणून हे पत्र. मी चेहरा शेवटी बघतो. आधी हात. मग घोडी, मणी, खुंट्या. तंबोरा मिरजेचा की आणखी कुठला, पुरुषी गळ्याचा मर्दानी की बायकी गळ्याचा जनानी, मणी किती खाली ओढलेत, भोपळ्याला जोड दिलाय का, सगळं एका चांगल्या फोटोत वाचता येतं. अमुक गायकानं अमुक काळात कुठला तंबोरा वापरला याची वही कुणी ठेवत नाही. ती माहिती फोटोतच राहते. आमचे अब्बा जुन्या मासिकातला फोटो भिंगाखाली धरून सांगायचे, हा तंबोरा आपल्या गल्लीतला, अमक्याच्या हातचा, गळ्यावरची पानाची नक्षी बघ. ते भिंग अजून आहे. तुमच्या पुरवणीतल्या फोटोवर ते धरलं तर काय दिसणार? ज्याला गवई माहीत नाही आणि वाद्यही माहीत नाही, अशा यंत्रानं मनानं काढलेलं चित्र.

हा एक प्रकार झाला. दुसरा त्याहून जुना आहे आणि त्याला कृत्रिम काय, कुठलीच बुद्धिमत्ता लागत नाही. फोटो उलटा करणे. आरशात दिसावा तसा. मला एका उपसंपादकांनी पूर्वी समजावलं होतं की पानाच्या कडेला असलेल्या माणसानं पानाच्या आत बघायला हवं, बाहेर बघितलं तर वाचकाची नजर बाहेर जाते. असेल. पण म्हणून माणूसच उलटा करायचा?

आपल्या अंकात मध्यंतरी पंडित हरिप्रसाद चौरसियांचा फोटो आला. बासरी त्यांच्या उजव्या बाजूला. हरिजी बासरी डाव्या बाजूला धरतात. ते डावखुऱ्या पद्धतीनं वाजवतात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. आधीच्या पिढीतले बासरीवादक पन्नालाल घोष उजवीकडे धरायचे, हरिजी डावीकडे. बासरी शिकणारा एखादा मुलगा तुमचा फोटो भिंतीवर लावेल आणि आयुष्यभर समजेल की हरिजी तसेच वाजवायचे. एका बटणावर त्यांना उजवं करून टाकलंत!

गायकांच्या बाबतीत हे लगेच लक्षात येत नाही म्हणून जास्त खपून जातं. ओळखायची खूण सांगतो. ही माझी नाही, घरच्यांची आहे. मी खुंट्या मोजत बसलो होतो आणि बायको मागून म्हणाली, "अहो, बाईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा?" आपल्याकडच्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर असतो, फोटो उलटा केला की तो उजवीकडे जातो. पुरुषांच्या जाकिटाची बटणं बघावीत. तबला बघावा, डग्गा उजव्या हाताखाली आला की समजावं. आणि बैठकीची मांडणी. आपल्याकडे बहुतेक मैफलीत गायकाच्या उजव्या हाताला तबला असतो आणि डाव्या हाताला पेटी, म्हणजे समोर बसलेल्या आपल्याला तबला डावीकडे दिसतो. तुमच्या उलट्या फोटोत सगळी बैठकच फिरलेली असते. सतारीचं तर विचारूच नका, नखी डाव्या हातात जाते आणि सगळं घराणं डावखुरं होतं.

आता कात्री. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण कात्री पहिली पडते ती आमच्या मालावर.

मैफलीचा फोटो तीन कॉलमात बसवायचा म्हटलं की प्रथम तंबोरेवाले जातात. गायकाच्या मागे दोन्ही बाजूंना बसलेली ती दोन माणसं, बहुधा शिष्य, हल्ली बहुधा मुली. तीन तास पाठ ताठ ठेवून, एकही ठोका न चुकवता ती तारा छेडत असतात. गायकाच्या आवाजाला टेकायला जागा तेच देतात. छापून येतं तेव्हा मात्र उरतं एक कोपर, नाहीतर नुसता दांडीचा वरचा तुकडा, जो गायकाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. उरसाला आमच्याकडे कोल्हापूरहून एक फोटोवाले येतात. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे ते पुढे मांडी घालून बसतात. ते सांगतात की ती दांडी डोक्यातून येऊ नये म्हणून ते अर्धा-अर्धा फूट सरकत राहतात. मायक्रोफोन तोंडावर येऊ नये म्हणून आणखी सरकतात. उजेड कमी, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडावं लागतं, आणि ते उघडलं की मागचे तंबोरे धूसर होतात. तरी ते तंबोरा चौकटीत ठेवतात, मुद्दाम. एवढं करून अंकात काय येतं, तर गळ्यापासून वरचं डोकं आणि वर गेलेला एक हात.

माणसाचं डोकं आणि वाद्य यांचं नातं फोटोत काय करू शकतं हे मला त्यांनीच एका पुस्तकात दाखवलं. अमेरिकेतला एक छायाचित्रकार, अर्नॉल्ड न्यूमन. त्यानं १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्राविन्स्की या मोठ्या संगीतकाराचा फोटो काढला. फोटोत बहुतेक सगळी जागा पियानोच्या उघडलेल्या झाकणानं व्यापली आहे. काळं, भलंमोठं, एका बाजूला वळण घेतलेलं. मागे पांढरी भिंत. आणि स्त्राविन्स्की? खाली डाव्या कोपऱ्यात, पियानोवर कोपर टेकून, डोकं हातावर. सगळ्या फोटोचा किरकोळ हिस्सा. पाश्चात्त्य संगीतात कोमल स्वराची जी खूण असते, तिच्यासारखं ते झाकण दिसतं. ज्या मासिकासाठी फोटो काढला होता त्यांनी तो नाकारला, आणि आज न्यूमनचा सगळ्यात गाजलेला फोटो तोच आहे. मला ते झाकण बघताना लाकूड दिसलं, त्याचा बाक दिसला. तो बाक काढायला कुणाचे तरी हात लागले असणार.

तुमच्या पानावर तो फोटो आला असता तर? झाकण रिकामी जागा खातंय म्हणून कापलं असतं. उरला असता एक चष्मेवाला गृहस्थ, दात दुखत असल्यासारखा.

आता कुणी म्हणेल की न्यूमननंही कात्री लावलीच होती. बरोबर आहे. मूळ निगेटिव्हवर आणखी बरंच आहे, खोली, जमीन, आणि त्यानं ते कापूनच हा आकार काढला. पण ती कात्री त्याची स्वतःची होती. तबली किती घासायची हे मी ठरवतो. गिऱ्हाईकाच्या घरी पोचल्यावर टेम्पोवाल्यानं ती घासायला घेतली तर?

त्याच पुस्तकात आणखी एक फोटो होता, त्यात तर चेहराच नाही. युसुफ कार्श यांनी १९५४ साली चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचा काढलेला. फ्रँकोची सत्ता आल्यावर कासाल्स स्पेन सोडून फ्रान्सच्या सरहद्दीवर प्राद गावात राहिले होते. तिथल्या एका जुन्या मठात ते चेलो वाजवत बसलेत, आणि फोटो पाठीमागून काढलाय. वर एक लहानशी खिडकी, बाकी नुसत्या दगडी भिंती. कार्श सांगायचे की बॉस्टनच्या संग्रहालयात हा फोटो लावला होता तेव्हा एक म्हातारा रोज येऊन त्यासमोर उभा राहायचा, आणि तिथल्या माणसानं हटकलं तर म्हणाला, गप्प बसा, मी संगीत ऐकतोय. खरंखोटं कार्श जाणे. फोटो मात्र पाठमोरा असून थोर आहे. आपल्याकडच्या कुठल्या गवयाचा पाठमोरा फोटो तुम्ही छापाल?

आपल्याकडे एक ठरून गेलंय. भीमसेनअण्णा म्हटलं की वर गेलेला हात आणि वेडावलेला चेहरा. किशोरीताई म्हटलं की मिटलेले डोळे. झाकीरभाई म्हटलं की उडालेले केस. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा झाडून सगळ्या वर्तमानपत्रांत केसच केस होते. तबला अर्धा कापलेला. आता ऐका, झाकीरभाईंचे तबले घडवणारे हरिदास व्हटकर मूळ आमच्या मिरजेचे, त्यांचे वडील-आजोबाही तबलेच करायचे. ज्याच्या हातचा तबला तो अर्धा, आणि केस पूर्ण. मला हसावं की रडावं कळेना.

केसांपलीकडे झाकीरभाई काय होते हे बघायचं असेल तर दयानिता सिंग यांचे फोटो आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्या शिकत होत्या तेव्हाची गोष्ट. एका कार्यक्रमात फोटो काढताना आयोजकांच्या माणसानं त्यांना ढकललं, त्या पडल्या. बाहेर थांबून त्यांनी झाकीरभाईंना सुनावलं की आज मी विद्यार्थी आहे, उद्या मोठी छायाचित्रकार होईन, मग बघू. झाकीरभाईंनी त्या मुलीला सोबत येऊ दिलं. पुढे काही वर्षं हिवाळ्यात ती त्यांच्या मागे फिरली. गाडीत, घरात, रियाजाला, बाकीच्या कलाकारांबरोबर हसताना. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं आणि २०२२ मध्ये दयानिताबाईंना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, जो छायाचित्रणातला फार मोठा मानतात. मंचासमोर दहा मिनिटं उभं राहून हे मिळत नाही.

माझं विचाराल तर गाताना काढलेल्या फोटोपेक्षा तंबोरा लावताना काढलेला फोटो मला खरा वाटतो. गाताना गवई आपल्यासमोर असतो. लावताना तो कुणासमोर नसतो. कान भोपळ्याकडे कललेला, एक हात खुंटीवर, दुसरा तारेवर, आणि चेहऱ्यावर एक किंचित नाराजी, कारण खर्ज, म्हणजे खालचा सा, अजून बसलेला नाही. कुमारजींचे असे फोटो आहेत. तंबोरा लावण्यात कुमार गंधर्व किती काटेकोर होते हे आम्हाला कुणी सांगायला नको, पण ज्याला माहीत नाही त्याला तो एक फोटो पुरेल. आणि अब्दुल करीम खाँसाहेब तर स्वतः हत्यार घेऊन वाद्यं दुरुस्त करायचे, असं आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या कामात असतानाचा त्यांचा एखादा फोटो असता तर मी आमचा अर्धा कारखाना त्यावर ओवाळून टाकला असता.

फोटोखालचं नाव. याबद्दल थोडक्यात, कारण यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. लेखाखाली लेखकाचं नाव असतं, व्यंगचित्रावर सही असते, आणि गवयाच्या फोटोखाली काय असतं? 'संग्रहित'. कुणी संग्रह केला? कुणाच्या खिशातल्या पैशांनी रीळ आलं? रघु राय यांनी हिंदुस्थानी संगीतातल्या दिग्गजांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, पुण्याचे सतीश पाकणीकर सवाई गंधर्व महोत्सवात आणि बाहेर कलाकारांच्या मागे असतात. ही ठळक नावं तरी लोकांना माहीत आहेत. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांचं काय? माझी मुलगी वकिली करते. ती सांगते की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकले तरी कलाकृती माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो, आणि मोडतोड करून त्याची अब्रू घालवली तर तो दाद मागू शकतो. मी कोर्टकचेरीची भाषा करत नाही. नाव छापायला अर्धी ओळ लागते, एवढंच म्हणतोय. जमलं तर साल आणि गाव. आणि साथीदारांची नावं, तंबोऱ्यावरच्या मुलींसकट. त्यांच्या घरीही तुमचा अंक जातो.

रंगवायचाच असेल तर खाली 'यंत्रानं रंगवलेला' असं स्पष्ट लिहा आणि शेजारी मूळ फोटो द्या. माझी पसंती विचाराल तर रंगवूच नका.

शेवटी एक कामाचं. आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानात भिंतीवर कलाकारांचे फोटो आहेत. तंबोरा न्यायला आले तेव्हा सही करून दिलेले, काही पोस्टानं आलेले. पुढे सही, मागे स्टुडिओचा रबरी शिक्का, कधी निळा, कधी जांभळा, गावाचं नाव आणि तारीख. काही शिक्के पुसत चाललेत, काही फ्रेमना वाळवी लागली. कुठलं पुस्तक किंवा संस्था ते उतरवून घ्यायला अजून आलेली नाही. आपल्या वर्तमानपत्राकडे माणसं आहेत, चांगले कॅमेरे आहेत. एखाद्याला पाठवा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायला सांगा, पुढून आणि मागून. मी बाकीच्या दुकानदारांशी बोलून ठेवतो, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त दुपारी तीननंतर या. सकाळी घोडी घासून जवारी काढायचं काम असतं, तेव्हा कुणी बोललेलं चालत नाही.

आपला,
एक तंबोरा कारागीर,
सतारमेकर गल्ली, मिरज